अज्जाच्या पत्रातल्या माझ्या चार ओळी

ज्या माणसाचं काम तुम्हाला तत्त्वानं मान्य नाही, त्याच्याशी तुमच्या जवळच्या कुणाची जन्मभराची मैत्री असेल, तर तुम्ही काय कराल? गप्प बसाल, की मध्ये पडाल?

मी मध्ये पडले. समोरून पडले असते तर आज हे लिहायची वेळ आली नसती. मी मागच्या दारानं शिरले, एका आंधळ्या होत चाललेल्या माणसाच्या पत्रातून, त्याच्याच आवाजात.

आधी माझ्याबद्दल सांगते, कारण मी अशी का वागले ते त्याशिवाय कळणार नाही. मी पत्रकांवर वाढले. आमचं मूळ गाव धरणाच्या पाण्याखाली आहे आणि बाबांचं अर्धं आयुष्य निवेदनं लिहिण्यात गेलं. आमच्या घरी खाटेखाली भांडी नव्हती, पत्रकांचे गठ्ठे होते. माझ्या शाळेच्या पुस्तकांना पत्रकांचीच कव्हरं असायची. मला वाचता यायला लागलं तेव्हा मी पहिल्यांदा जोडून वाचलेले शब्द होते ‘आम्ही खाली सह्या करणारे’. धारवाडला पदवी घेऊन परत आले ती स्वतःचं पत्रक काढायच्या इराद्यानं. एक कागद, दोन्ही बाजू, महिन्यातून एकदा. गणेशगुडीच्या बसमध्ये मी ते वाटायचे. तिथली राफ्टिंगची मुलं त्यात भजी बांधून घ्यायची आणि मला सांगायची, ‘ताई, ह्या महिन्याचा कागद जाड हाय, तेल गळत न्हाई.’ मला राग यायचा. विनोद आवडण्याचं माझं वय नव्हतं, असं आता म्हणते. खरं म्हणजे स्वभावच नव्हता.

अज्जा हा नात्यानं आईचा लांबचा मामा, पण कुंभारवाड्याच्या पलीकडच्या आमच्या वाडीत सगळे त्याला अज्जाच म्हणतात. तो लाकडाच्या डेपोत नोकरीला होता. जंगलातून तोडून आणलेले ओंडके मोजायचे, हातोड्यानं त्यांवर शिक्का मारायचा, हे त्याचं काम. आणि ह्याच माणसाला आमच्या तालुक्यात पक्ष्यांचं, बेडकांचं, कंदांचं जेवढं कळतं तेवढं क्वचितच कुणाला कळत असेल. शिकायला तो कुठं गेला नाही. ओंडक्यांच्या पोकळीतून जे जे निघे ते बघत तो शिकला. बाहेरून संशोधन करणारे येतात, त्याच्या ओसरीवर बसतात, त्याच्या वह्यांचे फोटो काढून नेतात.

त्याचा मित्र नौदलात अधिकारी होता. धरणाचं काम चालू होतं त्या दिवसांत हा मित्र, नवा भरती झालेला पोरगेला अधिकारी, सुट्टीत आपल्या इंजिनीअर काकाकडे आला होता. क्वार्टरमध्ये साप निघाला म्हणून लोकांनी डेपोतून अज्जाला बोलावलं. सापाला सोडायला दोघं मिळून ओढ्यापर्यंत गेले, ते संध्याकाळी परत आले. एवढीच ओळख. काही महिन्यांनी अज्जाला पत्र आलं. भर समुद्रात जहाजावर एक लहान पक्षी दमून उतरलाय, शेपटी सारखी वरखाली हलवतो, त्याचं चित्र काढून पाठवतोय, नाव सांग. अज्जानं उत्तर दिलं, ‘तो धोबी. आमच्या ओढ्यावर दर थंडीला येतो. ह्या वर्षी एक कमी दिसला तर तुझ्याकडं आहे असं समजेन.’

तिथून पुढं चाळीसच्या वर वर्षं. भेटी झाल्या त्या हाताच्या बोटांवर मोजाव्यात एवढ्या. फोन आले तेव्हा त्यांनी तेही करून पाहिलं. टेकडीवर चढून रेंज पकडायची आणि मग दोघं एकमेकांना ‘काय म्हणतोस’, ‘बरं हाय’ म्हणून गप्प. अज्जा म्हणाला, ‘फोनवर तो साहेब वाटतो.’ पुन्हा पत्रं सुरू झाली. ते निवृत्त होऊन पुण्यात राहिले तरी वाडीतले लोक पत्र आलं की म्हणायचे, ‘अज्जाचा दर्या आला.’

डेपोत पावत्या तारेत ओवून ठेवतात, तशी अज्जा पत्रं तारेत ओवायचा. चुलीच्या वर, धुरात, म्हणजे वाळवी लागत नाही. तार कागदाच्या मधोमध जायची आणि प्रत्येक पत्रातला एखादा शब्द फाटायचा. एकदा मित्र आला असताना त्यानं ते पाहिलं. त्यानंतरच्या प्रत्येक पत्रात पानाच्या मधोमध रुपयाएवढी कोरी जागा सोडलेली. ओळ तिथपर्यंत यायची, थांबायची आणि पलीकडून पुढं चालू व्हायची. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला तो लाडिकपणा वाटला होता.

अज्जाच्या डोळ्यांपुढं मधोमध काळं यायला लागलं, डॉक्टरनी हात टेकले, आणि तो मला म्हणाला, ‘बाय, तू शिकलेली. माझं वाचायचं आणि लिवायचं तू बघशील काय?’ मी हो म्हटलं. दीड-दोन वर्षं मी हे केलं. तो डोळे मिटून सांगायचा, मी लिहायचे, घडी घालून पत्ता घालायचे, कुंभारवाड्याला पोस्टात टाकायचे. तो बोलीत सांगायचा आणि मी ते पुस्तकी मराठीत उतरवायचे. त्याला चालायचं. तिथंच मला सवय लागली असावी, त्याचं म्हणणं माझ्या भाषेत घालायची.

मला ते अधिकारी आवडत नव्हते. मी त्यांना मनात ‘वर्दी’ म्हणायचे. त्यांनी काही केलं होतं म्हणून नाही. वर्दीतला माणूस आमच्या घरी जेव्हा जेव्हा आला तो घर सोडायचा कागद घेऊन आला, असं मी लहानपणापासून ऐकलं होतं. ‘अज्जा, तुला त्यांच्याशी काय बोलायला मिळतं?’ असं मी एकदा विचारलं, तर म्हणाला, ‘तो पाण्यावरचं सांगतो, मी झाडावरचं. भांडण कशावर करनार?’

मग ते पत्र आलं. त्यात गुडघेदुखीची तक्रार होती आणि समुद्री गरुडाची एक आठवण होती. तरुणपणी त्यांची नेमणूक किनाऱ्यावरच्या एका नव्या तळावर झाली होती. आखणी चालू असताना सुरूच्या एका उंच झाडावर गरुडाचं घरटं दिसलं, दोन पिल्लं. त्यांनी वरिष्ठांकडे शब्द टाकून पिल्लं उडून जाईपर्यंत झाड ठेवायला लावलं. रोज दुर्बीण घेऊन बघायला जायचे. अज्जा ऐकताना हसत होता. ‘बघ कसा हाय,’ म्हणाला.

मला हसू आलं नाही. तळासाठी किनाऱ्यावरची घरं उठली हे मला ठाऊक होतं, उठवलेल्या लोकांवर मी एक अख्खं पत्रक काढलं होतं. आणि हा माणूस झाड वाचवल्याची गोष्ट सांगत होता.

अज्जानं उत्तर सांगितलं. वाडीच्या वरच्या अंगाला सातविणीच्या झाडाच्या ढोलीत धनेशाची मादी अंड्यांवर बसली आहे, ढोलीचं तोंड आतून लिंपून घेतलंय, नर फळं आणतो त्याचा पंखांचा आवाज ओसरीवर ऐकू येतो, दिसत नसलं तरी आवाजावरून खेपा मोजतो. ‘गरुडाचं वाचून बरं वाटलं, गुडघ्याला तेल लाव.’ एवढंच. मी ते लिहिलं. आणि घरी जाऊन, सहीच्या वर जी जागा उरली होती तिथं, ह्या ओळी घातल्या:

‘गरुडाचं घरटं तू पाहिलंस, त्यातली पिल्लंही मोजलीस. त्या झाडाखालची घरं मोजली होतीस का? त्या घरांतली माणसं आज कुठं आहेत ते तुला माहीत आहे का? की जे उडत नाही त्याची नोंद तुझ्या वहीत होत नाही?’

चार ओळी. ‘तू’ म्हणून. खाली अज्जाची सही होती, जी तो कागदावर बोट ठेवून आधीच करून द्यायचा.

मला त्या दिवशी अभिमान वाटला हे सांगायलाच हवं. पोस्टापर्यंत चालत जाताना मी शेवटची ओळ दोनदा स्वतःशी म्हटली. ती पत्रकात घालायला हवी होती, असंही मनात आलं.

उत्तर यायला एरवी दोन-तीन आठवडे लागत. महिना झाला. दुसरा लागला. अज्जा आधी म्हणाला, गुडघा दुखत असेल. मग म्हणाला, लेकीकडं गेला असेल. पोस्टमन रोज ओसरीसमोरून जाताना सायकल हळू करायचा आणि चेष्टा करायचा, ‘अज्जा, तुमचा नेव्ही बुडाला काय?’ अज्जा उलट म्हणायचा, ‘तूच त्याची पत्रं विकून खातोस, दुसरं काय.’ मग पोस्टमननं चेष्टा सोडली. तो नुसता मान हलवून जायला लागला, आणि अज्जाला ते दिसत नव्हतं, म्हणून अज्जा सायकलचा आवाज लांब जाईपर्यंत मान तशीच वर ठेवून बसायचा.

एक दिवस त्यानं मला विचारलं, ‘मी काय वंगाळ लिवलं व्हतं काय गे?’

‘न्हाई अज्जा.’

‘धनेशाचं सांगितलं. गुडघ्याचं सांगितलं. गुडघ्याचा राग आला आसंल? म्हातारा म्हटल्यासारखं?’

‘न्हाई रे अज्जा.’

तो त्याला आठवत असलेलं पत्र पुन्हा म्हणून बघायला लागला, ओळ ओळ, चूक शोधत. मी समोर बसून ऐकत होते. त्याच्या एकाही शब्दात चूक नव्हती. मी तेव्हा सांगू शकत होते. उठून घरी गेले आणि पुढच्या पत्रकाचं काम आहे असं स्वतःला सांगितलं.

मग पत्र आलं. जाड पाकीट. अज्जानं ते हातात तोलून पाहिलं आणि इतका खूश झाला की मला आधी चहा करायला लावला. मी पत्र उघडलं आणि पहिली गोष्ट दिसली ती ही, की मधली जागा सोडलेली नव्हती. ओळी सरळ पानभर गेल्या होत्या.

मी वरच्या दोन ओळी मोठ्यानं वाचल्या आणि पुढचं मनात वाचत गेले. ते असं होतं.

‘घरं मोजली होती. यादी माझ्याच हातात होती. एका घरात म्हातारीनं मला शहाळं फोडून दिलं आणि म्हणाली, पाखरासाठी झाड ठेवलंस म्हणे, मग माझं घर एक पावसाळा ठेव. मी म्हटलं, ते माझ्या हातात नाही. ते खरं होतं. पण मी शब्दही टाकला नाही. झाडासाठी टाकला होता. माणसं कुठं गेली, काहींचं माहीत आहे, बहुतेकांचं नाही. मी शोध घेतला नाही.’

आणि पुढच्या पानावर: ‘डेपोत तू किती ओंडक्यांवर शिक्का मारलास हे मी तुला कधी विचारलं नाही. मनात येत नव्हतं असं नाही. मला वाटायचं, आपण दोघं ते जाणून आहोत, आणि तेवढं पुरे. तू विचारलंस ते बरोबरच आहे. पण तुझं पत्र आल्यापासून तीनदा लिहायला बसलो आणि उठलो. तुला लिहिताना आजवर मला शब्द जपावे लागले नव्हते. आता लागतात. तुझी भीती वाटते, असं ह्या वयात लिहायची लाज वाटते, पण तसं आहे.’

मी शेवटाकडे उडी मारली, ‘प्रकृतीची काळजी घे’ वाचलं आणि कागद घडी केले.

अज्जानं विचारलं, ‘झालं?’

‘झालं.’

‘चार कागद उलटलेस तू. वाचलंस अर्धं.’

‘अक्षर मोठं काढलंय त्यांनी.’

‘त्याचं अक्षर मुंगीएवढं हाय. मी काय आज वाचतोय काय ते?’ मग हळूच, ‘कोन गेलं काय त्याच्या घरातलं? ते लपवतेस?’

त्याला वाटलं मी त्याला दुःखापासून वाचवतेय. एवढा चांगुलपणा माझ्या पदरात टाकला त्यानं. मी पत्र परत उघडलं आणि सगळं वाचलं. वाचताना ‘तू विचारलंस’ आलं की तो ‘कधी?’ म्हणायचा. दुसऱ्यांदा ‘कधी?’ म्हणाला तेव्हा मी सांगितलं.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं विचारलं, ‘किती वळी घातल्यास?’

‘चार.’

‘म्हणून दाखव.’

मला त्या पाठ होत्या. म्हणून दाखवल्या.

‘चांगल्या हायत,’ अज्जा म्हणाला. ‘माझ्या न्हाईत.’

मग त्यानं एक गोष्ट सांगितली, माझ्याकडं तोंड न करता. डेपोत एकदा आलेला ओंडका पोकळ होता. आत धनेशाचं पिल्लू, मेलेलं. ढोलीचं लिंपलेलं तोंड तसंच. त्या ओंडक्यावर शिक्का त्यानंच मारला आणि मोजमाप त्यानंच सांगितलं. ‘त्या दिसापासनं वही घातली मी. ह्ये फक्त त्याला लिवलं व्हतं. त्यानं उत्तरात इचारलं, पिल्लाला पिसं फुटली व्हती काय. बाकी काय न्हाई. पुन्यांदा कधी न्हाई. मला ते बरं वाटलं व्हतं.’

मी म्हटलं, ‘अज्जा, पण प्रश्न खोटा न्हवता.’

‘खोटा कोन म्हनतंय? तुझा व्हता तर तुझ्या नावानं इचारायचा. तुझं नाव वाईट हाय काय?’

खरं कारण मला तेव्हाच माहीत होतं. माझ्या नावानं विचारलं असतं तर एका अनोळखी मुलीचं पत्र म्हणून ते बाजूला पडलं असतं. अज्जाच्या नावानं ते लागणार होतं. मला ते लागायला हवं होतं. चाळीस वर्षांचा विश्वास मी दगड म्हणून वापरला. तो प्रश्न मला आजही बरोबर वाटतो आणि त्यामुळे लाज कमी होत नाही. उलट, बरोबर प्रश्नाला मी चोरीचा आवाज दिला, ह्याचीच जास्त वाटते.

दुसऱ्या दिवशी अज्जानं मला लिहायला बसवलं. ह्या वेळी त्यानं डेपोतली पद्धत घातली. तिथं मोजणारा माप मोठ्यानं सांगतो, लिहिणारा तेच मोठ्यानं परत म्हणतो, आणि मोजणारा ‘व्हय’ म्हणाला तरच ते वहीत जातं. आम्ही एका पानाला सबंध सकाळ घेतली. ‘त्या वळी माझ्या न्हाईत. पोरीच्या हायत.’ मी परत म्हटलं. ‘व्हय.’ ‘तू दिलेलं उत्तर मी ठेवून घेतलंय, परत पाठवत न्हाई.’ मी परत म्हटलं. ‘व्हय.’ ‘ओंडक्यांचा आकडा मला पाठ हाय. भेटलास तर सांगीन.’ इथं मी थांबले, तर म्हणाला, ‘परत म्हण की.’ मी त्याच्या बोलीतच लिहिलं, एकही शब्द न बदलता. खाली, वेगळी रेघ ओढून, माझ्या नावानं माफी लिहिली. ती मात्र त्यानं वाचून दाखवायला लावली नाही.

उत्तर आलं, लहानसं. धोब्यांबद्दल होतं, इमारतीच्या गच्चीवर एक दिसला म्हणून. बाकीच्या कशाचा उल्लेख नाही, माझाही नाही. पत्रं अजून येतात. पण ती आता फोनवर बोलल्यासारखी असतात, विचारपूस, हवा, गुडघा. गरुडासारखी गोष्ट त्यानंतर एकही आली नाही. अज्जा म्हणतो, ‘येतात तरी.’ लिहायला आता अंगणवाडीच्या बाई येतात. मला त्यानं येऊ नको म्हटलं नाही. त्यांना बोलावलं, एवढंच.

त्यानंतर एक काम मला टाळता येईना. नंदिगड्ड्याच्या पंचायतीत द्यायचं एक निवेदन माझ्या पिशवीत तयार होतं, तीन वाड्यांतल्या बायकांच्या नावानं, अंगठे आणि सह्या घेऊन झालेलं. मी त्यातल्या एका वाडीत परत गेले आणि त्यांना बसवून ते अथपासून इतिपर्यंत वाचलं. मग एक बाई म्हणाली, ‘बाय, बरोबरच आसंल सगळं. पन बस शाळेच्या येळंला येत न्हाई, ते कुठं हाय ह्यात?’

‘ते शेवटी आहे, दुसऱ्या पानावर.’

‘ते पयलं घाल की.’

दुसरी म्हणाली, ‘आनि वेळ आली तर प्राण देऊ, असं कोन म्हनलं? मी न्हाई बाबा. माझी म्हस व्यायला झालीय.’ सगळ्या हसल्या. मीही हसले, पण मान वर करून नाही. त्या कागदावर तिचा अंगठा होता. आणि असे किती कागद मी आजवर देऊन आले होते.

आमचं नवं निवेदन पाऊण पानाचं झालं. त्यात बस पहिली आहे.

तुम्ही हे वाचताय म्हणजे तुम्हाला लिहिता-वाचता येतं, आणि आपल्याकडं ज्याला येतं त्याच्याकडं दुसऱ्याचे कागद येतातच. अर्ज, निवेदन, तक्रार, पत्र. असा एखादा कागद आत्ता तुमच्याकडं असेल तर तो उद्या पाठवू नका. ज्याच्या नावानं लिहिलाय त्याच्यासमोर बसा आणि तो मोठ्यानं वाचा, सगळा. तो ‘हे माझं नाही’ म्हणेल ते खोडा, कितीही चांगलं असलं तरी. खोडलेलं तुम्हाला फारच खरं वाटत असेल, तर दुसरा कागद घ्या आणि तिथं लिहा, खाली स्वतःची सही करून.